हजेरी

केप्याच्या चढावर टॅक्सी धापा टाकत थांबली
तेव्हा आम्ही ताटं विसळत होतो.
ॲन्सिला उतरली, मागून दुर्वा.
दोघींचे स्कर्ट चार बोटं तोकडे,
बॅगांवर लिस्बनच्या चिठ्ठ्या.

दुर्वाच्या खाटेवर आमचे मोजे वाळायचे,
ते घाईनं गोळा केले.
तिनं चॉकलेट दिलं.
विचारायचं बरंच होतं,
'थंडी होती का गं?' एवढंच विचारलं.
'घरातच जास्त,' म्हणाली
आणि कुलपाचे आकडे आठवत बसली.

रात्री पास्कोआलबायनी वही उघडली.
'दुर्वा केंकरे?'
पाच महिन्यांच्या सवयीनं
आम्ही सगळ्या:
'परदेशी!'

हसू उसळलं, पास्कोआलबायही हसली,
पेनानं काहीतरी खोडलं.

त्या ओरडण्यात
दुर्वाचाही आवाज होता,
हे दिवे मालवल्यावर
माझ्या लक्षात आलं.