मंद उजेड

वडशात नाटक कंपन्यांच्या पाट्या जिथं संपतात
तिथं बगमारेचं मोबाइलचं दुकान.
त्यानं काचेवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले,
जसं स्थळ दाखवतात,
आणि म्हणाला, "बोला दोनाडकर काका, कोनता?
दोनीही बारा हजाराचे, दोनीही यंदाचे."

मी प्रॉम्प्टर.
बावीस हंगाम विंगेत काढले,
मांडीवर वही, काखेत बॅटरी.
मागल्या साली वही उंदरानं खाल्ली, तिसऱ्या अंकासकट.
खलनायक मेला कसा
हे आता मला ठाऊक आणि उंदराला.
मालक म्हणाले, यापुढं नाटक मोबाइलात ठेवा.

निळा फोन पातळ, गुळगुळीत.
"याचा कॅमेरा पाहा काका,
डासाचे पाय मोजून घ्या."
काळा जाड. हातात घेतला तर वरवंट्याचा तुकडा.
"याची बॅटरी पाहा. दोन दिवस चार्जरचं नाव नाही."

मी विचारलं ते त्याच्या कागदावर नव्हतं.
पडदा रात्री साडेदहाला उघडतो
आणि कोंबडं आरवून गेल्यावर पडतो,
तोवर टिकल का?
धानाच्या बांधीत मांडव, पूस महिना,
बोटं लाकूड झाल्यावर पान सरकल का?
नायिका बापाच्या पायावर पडली असताना
रिचार्ज संपत आल्याचं हा मधेच बोलणार तर नाही?
आणि मुख्य सांग,
याचा उजेड किती कमी होतो?

"कमी?" बगमारेचं पोरगं माझ्याकडं पाहत राहिलं.
"लोक जास्त विचारतात, काका."

मी शटर अर्धं ओढायला लावलं, ट्यूबलाइट बंद.
भर दुपारी दुकानात रात्र केली.
शेजारचा पानठेलेवाला धावत आला, कोण गेलं म्हणून.
निळ्याचा उजेड खाली, खाली, अगदी शेवटपर्यंत आणला,
तरी काचेत माझी मिशी दिसत होती.
काळ्याचा आणला
आणि अक्षरं तेवढी राहिली.
मी नव्हतो.

हेच पाहिजे असतं.
माणूस विसरायच्या अर्धा श्वास आधी
शब्द त्याच्या पायाशी सरकवायचा,
असा, की त्याला वाटावं
त्याचाच पडला होता, त्यानंच उचलला.

तेवढ्यात घरून सुकेशिनीचा फोन.
"निळा घ्या. फोटो बेस येते म्हनते लोक."
कोणाचा फोटो?
"तुमचा. लग्नानंतरचा एक दाखवा मले.
पोस्टरवर तं छापखान्याचंही नाव असते."

मी काही बोललो नाही.
दुसऱ्याचं वाक्य मला कधीही देता येतं,
माझ्या वाक्याला विंगेत कुणी बसलेलं नसतं.

पोरगं हसलं, "एक काढून पाहा निळ्यावर,
काढायले पैसे नाही लागत."
अर्ध्या शटरखालून ऊन येत होतं, गुडघ्यापर्यंत.
वाकलो थोडा. काढला.
माझे कान इतके मोठे आहेत
हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

काळा घेतला. बारा हजारातले दोन उधार,
मंडई झाल्यावर देतो म्हणालो.
निळ्यातला फोटो पुसू का, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

काल अर्जुनीला प्रयोग होता, सकाळी शंकरपट.
पहाटे चारला बॅटरी एक्केचाळीस टक्के.
नायक "आई, मी…" म्हणून थांबला,
पाच हजार लोक थांबले,
मी दिलं.
तो रडला, ते रडले,
शिट्ट्या पडल्या पार बैलांच्या दावणीपर्यंत.

आणि मला उगाच आठवलं,
वडशात काचेखाली तो निळा असेल अजून, विकला नसला तर.
कुणी बोट लावलं की आत मी,
सगळ्या उजेडात,
कानांसकट.