पांढरी पाचच्या किंचित वर

फ्रीज गुणगुणतो पांढरी पाचच्या किंचित वर.
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं,
सोहारजवळ, फलजच्या या दोन खोल्यांत,
अकरा वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवल्यावर.

म्हणून रेकॉर्डिंगआधी त्याचा प्लग काढतो.
मग एसी. मग भिंतीवरचं घड्याळ
टॉवेलात गुंडाळून बादलीत.
कपाटाचं दार सताड उघडं,
आत लटकलेले कव्हरऑल आवाज पितात,
असं ब्रास कुलासो सांगतो, मडगावचा,
जो दिवसा सिमेंटच्या गोणी मोजतो
आणि सोमवारी रात्री माझी बोटं
एकेक सुटी करून पुन्हा जागेवर बसवतो.

ऑगस्ट. सात मिनिटं पुरतात
खोलीची भट्टी व्हायला.
घाम कोपरावरून लाकडावर, तारा उतरलेल्या,
पुन्हा खुंट्या पिळा.

अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका.
करंगळीला काम नाही.
नुसती हजेरी लावून उभी,
मुकादमाच्या पुतण्यासारखी.

उजव्या हाताची नखं वाढवलीत.
प्लांटवर बिजू विचारतो, नवस आहे का?
हो म्हणतो. तेच सोपं पडतं.
मंगळवारी मधलं नख गेलं फ्लॅन्जच्या बोल्टवर,
सहा आठवड्यांची कमाई.

मिरजेत आमची गल्ली तंतुवाद्यवाल्यांची.
उन्हात सुकणाऱ्या भोपळ्यांवरून उड्या मारल्या,
ओरडा खाल्ला,
तारेला बोट लावलं नाही.
ते इथे येऊन सुचलं,
गाव सोडून जाणाऱ्या एका फिलिपिनो वेल्डरनं
वीस रियालला गिटार विकायला काढली तेव्हा.

सोळा मापांचा तुकडा. पोरांचा धडा.
तेरा वेळा फिसकटला.
पाण्याचा टँकर, वरच्या मजल्यावरची खुर्ची,
एकदा माझाच श्वास,
तो इतका जुना झाला असेल असं वाटलं नव्हतं.
चौदाव्यांदा, अकराव्या मापात बोट घसरलं
आणि तोंडून गेलं, च्च.
पण थांबलो नाही. का, कोण जाणे.
शेवटचा सूर विझेपर्यंत
पापणीवरचा घामही पुसला नाही.

तोच पाठवला घरी.
शर्वाणीचं उत्तर आलं दुसऱ्या दिवशी:
बाबा, गिटार ठीकठाक.
ते च्च मात्र मी तीनदा ऐकलं.
मी दुसरीत असताना
माझ्या गणिताच्या वहीवर करायचात, तस्संच.

काल पंधरावी खेप.
अकराव्या मापाशी मुद्दाम च्च केलं.
नाटकी वाटलं. पुसलं.
पुन्हा केलं, पुन्हा पुसलं,
सूर सगळे जागच्या जागी पडत होते, नेमके कालच.
दीड वाजता तसाच आडवा झालो.

पहाटे डबा भरायला उठलो तर
फ्रीजचा प्लग अजून ओट्यावर लोंबतोय,
तळाशी पाण्याचं थारोळं,
दूध नासलेलं.

च्च.

हुबेहूब आलं.
माइक बंद होता.