गुरुवार, साडेसात

ऐरोली, सेक्टर आठ. खाली पॅथॉलॉजी लॅब,
वर आमची खोली: दोन प्लास्टिकच्या खुर्च्या,
संडे स्कूलच्या रंगखडूंचा डबा.
ओबेद उजागरे पहिल्या दिवशी बसलेच नाहीत.
"बाई, एखादं वचन द्या लिहून,
डॉक्टर गोळी देतात तसं. रबाळ्याला नाइट आहे."

मी दिलं नाही. विचारलं, मुलगा जेवला का आज?
ते घड्याळाकडे बघत राहिले.

दहा गुरुवार. मधे दोन चुकवले.
शंभर पानी वहीत लिहून आणायचे,
राग कधी आला, हात कुठे होता तेव्हा.
आम्ही शास्त्र वाचायचो ओळीवर बोट ठेवून,
मग वही, त्याच बोटाने.
एकदा म्हणाले, "मी वाचतोय कसलं,
मलाच कुणीतरी वाचतंय."
एकदा हेल्मेट मांडीवर घेऊन
त्यातच तोंड खुपसून रडले.
मी प्रार्थना केली. मलाही शब्द धड सुचले नाहीत.
माझा मुलगा तीन वर्षं माझ्याशी बोललेला नाही,
हे त्यांना ठाऊक नाही.
की मीच बोललेले नाही?

आज वहीत एवढंच:
"अशेरच्या खोलीचं दार वाजवलं. माफी मागितली.
तो म्हणाला, पंखा बंद करून जा."
मी म्हटलं, मग?
"केला ना बंद."
आणि हसले, पहिल्यांदाच,
एका बाजूचा दात नाही हे तेव्हा कळलं.

ते जिना उतरले. लॅबचं शटर पडलं.
मी खडूंचा डबा उगाच आवरला,
फोन घेतला,
पुण्याचा नंबर काढला,
आणि या खेपेला
घंटा वाजू दिली.