पी.पी. कॉल

नौपाड्याच्या एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं
लोकांचे आवाज माझ्या कानाला चिकटलेले असायचे.
कॉर्ड उचलायची, भोकात खोचायची,
"बोला, इंदूर बोला" म्हणायचं
आणि किल्ली मागे ओढून घ्यायची.
किल्ली मागे म्हणजे कान बंद.
ते कुणी तपासत नव्हतं.
रुजू होताना एका कागदावर सही केलेली, तेवढीच.
आणि फ्लोरी डिमेलो म्हणाली होती,
"ऐकायला येतं गं. ऐकायचं नसतं."

लाइन जिवंत आहे का बघायला
कधी कधी कान घालावाच लागायचा.
तसा एकदा रात्रपाळीत घातला.
इकडे एक बाई, तिकडे एक माणूस,
दोघंही बोलत नव्हती.
तिकडे पंखा करकरत होता.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"
बाई म्हणाली, "वाढवा."
सहा मिनिटांच्या गप्प बसण्याचं तिकीट मी फाडलं.

पुढे गोखले रोडवर, भाजीच्या गाडीपाशी
मागून तोच आवाज: "दोन मिरच्या वाढवा."
मी वळून पाहिलं नाही.
हातातली कोथिंबीर तशीच ठेवली आणि घरी आले.
ह्यांनी विचारलं, भाजी कुठाय?
ह्यांनाही सांगितलं नाही.

आता कोलशेतला, एकोणिसाव्या मजल्यावर
सुगंधा गेटवर आली की फोन किणकिणतो.
तिचा फोटो. आठ बेचाळीस.
महिनाअखेर विचारतो, सुगंधाला किती तारे द्याल?
मी तिलाच विचारलं, किती देऊ गं?
भांडी विसळता विसळता म्हणाली,
"तुम्हाला कोण देतं?"

परवा तिला सांगितलं, डावा गुडघा रात्री ठणकतो.
फक्त तिला, तेही कढी उतू जात असताना.
संध्याकाळी फोनवर तेलं, पट्टे, उंच कमोड,
एका डॉक्टरचा फार हसरा चेहरा.
श्रीरंग म्हणतो, "योगायोग असतो गं आई."
असेल.
आमच्या वेळी पी.पी. कॉलला जादा पैसे पडायचे,
त्याच एका माणसाला शोधून आणायचं म्हणून.
आता कुणी न लावलेला कॉल
नेमका माझ्या नावावर येतो,
नावावरही नाही, डाव्या गुडघ्यावर.

हॉलमध्ये कॅमेरा त्यानेच बसवला.
दिवाळीत पडले होते. त्याचं चुकत नाही.
तिकडे रॉटरडॅमला तो डबा उघडतो
आणि इकडे भिंत बोलायला लागते:
आई, गोळी राहिली.
आई, टीव्ही लावून झोपलीस.
आई, ते कोण आले होते?

बेहेरे आले होते, बी विंगमधले.
चार वाजता येतात, चहा घेतात.
फारसं बोलत नाहीत.
मीही नाही.

मंगळवारी स्टुलावर चढले
(ते मात्र त्याने पाहायला नको होतं).
ड्रॉवरमध्ये जुन्या टिकल्यांचं पाकीट होतं,
हे गेल्यापासून उघडलं नव्हतं.
मरून, मधल्या आकाराची.
गोंद अजून ओला असल्यासारखा.
कॅमेऱ्याला कपाळ नाही,
म्हणून डोळ्यावरच लावली.

फोन वाजला.
"आई! सगळा अंधार दिसतोय. बरी आहेस ना?"
"बरी आहे रे. किल्ली मागे ओढलीय."
"कसली किल्ली?"
बेहेऱ्यांनी बशीत चहा ओतला. आवाज झाला.
तो त्याने ऐकला की नाही, कोण जाणे.

रात्री टिकली काढते, आरशावर चिकटवते.
न्हाणीघराची फरशी ओली असते
आणि डावा गुडघा माझाच आहे.
दिवा मालवताना त्या लाल ठिपक्याकडे बघून
हात हलवते, उगाचच;
तिकडे कुणी असेल, नसेल.

पाकिटात अजून सात आहेत.