एक ठिपका म्हणजे दहा लाख

तुर्भे एमआयडीसीत रबराच्या कारखान्यामागे आमचा छापखाना.
वरच्या मजल्यावर मी आशिया भरते.
प्रमाण : एकास तीन कोटी.
सूचीत लिहिलंय, एक ठिपका म्हणजे दहा लाख माणसं.
ठिपके एकूण चार हजार सातशे,
आणि जूनच्या आत नकाशासंग्रह दुकानात हवा.

मंगोलिया सोपा. तीन ठिपके, बाकी कोरं.
चहा गार व्हायच्या आत उरकतो.
भूतानला एकही नाही.
आठेक लाखांत ठिपका होत नाही, पठारे सर म्हणाले,
खालचं सोडून द्या.
दिलं सोडून.
एक अख्खा देश, त्याची मिरची, त्याची लग्नं,
उन्हात बसलेले त्याचे म्हातारे.

बांगलादेशचे एकशे सत्तर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.
ठिपक्यावर ठिपका चढत जातो,
मग सगळंच काळं होतं
आणि काळ्यात कुणी वेगळं दिसत नाही.
जावा बेटाचंही तेच.
सिंगापूरचे सहा मी समुद्रात ठेवले,
बाण काढला की चालतं म्हणे.

खालून खड्गबहादूर कागदाचे गठ्ठे वर आणतो.
गठ्ठ्यांवर इंडोनेशियाचा शिक्का, पाठीवर त्याचा घाम.
त्याला विचारलं, तुला कुठे मोजलं रे?
हसला. इथे बेलापूरला वॉचमन होतो तेव्हा इथे,
आणि तिकडे दैलेखला आईनेही नाव सांगून टाकलं,
मुलगा घरचाच आहे म्हणाली.
माझा मावसभाऊ शारजात क्रेन चालवतो,
तो बहुधा दोन्हीकडे निसटला असणार.
हिशेब जुळतो मग.

समोरच्या पानावर आर्थिक आशिया.
तेलाला पिंप, भाताला लोंबी, चहाला दोन पानं आणि कळी,
कारखान्याला धुराडं.
धुराडी संपली म्हणून मी पूर्व किनाऱ्याला
दुसऱ्या फाइलमधून आणून चिकटवली.
बाण जाडे केले, जिकडून जास्त माल जातो तिकडचे.
माणसांना बाण नाहीत. विचारलं होतं.
जागा नाही, म्हणाले.

रविवारी प्रूफ घरी नेलं, घणसोलीला.
बाबांनी चष्मा पुसला, पान उन्हात धरलं,
पर्शियाच्या आखातापासून जपानपर्यंत बोट फिरवलं
आणि म्हणाले, "यान मीठ कुठं हाय गो?"

मीठ नव्हतं.
सूचीत मिठाला चिन्हच नाही.
तीस वर्षं हा माणूस खाडीचं पाणी कोंडीत घेऊन
उन्हाकडे बघत बसायचा,
तळव्यांच्या भेगांत पांढरं साचायचं,
आई गरम पाणी ओतायची तेव्हा ओरडायचा.
आगरावर मग भराव पडला, भरावावर सेक्टर, सेक्टरात काचेची इमारत.
त्या इमारतीत आता रात्रपाळीला कुणी
दुसऱ्या खंडातल्या कुणाशी तरी बोलतं,
त्यांच्या सकाळीच्या वेळेत.

सोमवारी ठाणे जिल्हा. आठ ठिपके.
त्यातला एक नवी मुंबईचा.
सगळी नोडं, सगळे गाव, एपीएमसीतले हमाल,
दिघ्याच्या डोंगरावरल्या पत्र्याच्या खोल्या,
बाबा, मी, खड्गबहादूर (अर्धा),
हे सगळं माझ्या पेनाच्या टोकाखाली.
टेकवला तर घसरला, खाडीत पडला.

सरांना दाखवलं.
भिंगातून पाहून म्हणाले, अर्धा मिलिमीटर. छपाईत चालतो.
मी मनात गुणाकार केला :
पंधरा किलोमीटर. बेलापूर ते रबाळे.

ठिपका उचलायला वेळ लागला नसता.
पण तिथे, भरतीच्या रेषेबाहेर,
जिथे पूर्वी आमची शेवटची कोंडी होती,
तिथे तो बरोबर बसला होता.
मग जपानकडे गेले. त्याचे एकशे तेवीस अजून राहिले होते.