चारशे पस्तीस

तळपदे साहेबांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय:
न्यूज सर्व्हरसाठी कुठलं सॉफ्टवेअर.
एक पान. खर्च, वेग, शिफारस.
खर्च तिघांचाही शून्य,
म्हणून साहेबांचा तिघांवरही विश्वास नाही.

सी न्यूज म्हातारं. रात्री गठ्ठे येतात,
ते सोडतं, लावतं, झोपी जातं.
आता गठ्ठे कोणी पाठवत नाही.

डायब्लो निव्वळ हमाल.
इकडून उचललं, तिकडे टाकलं, पाठीवर काय आहे बघत नाही.
ग्लेन परेरा म्हणतो, हेच घे,
अख्खा फीड आणू, चार संस्थांना पुढे देऊ,
पाथमध्ये आपलं नाव जगभर दिसेल.
ग्लेन, आपली लाइन चौसष्टची.
"मग काय झालं?" म्हणतो, आणि दोन कटिंग सांगतो.

तिसरं आयएनएन.
त्याची कॉन्फिग भाडेकराराएवढी लांब,
आणि तितकीच कटकटी.

मला खरं तर आवडतं ते यांचं आपसातलं बोलणं.
पलीकडचं मशीन विचारतं: हे माझ्याकडे आहे, हवंय?
आपलं म्हणतं: तीनशे पस्तीस, पाठव.
नाहीतर: चारशे पस्तीस. नको, आलंय.
रात्रभर हेच. आग्रह नाही, रुसवा नाही,
नको म्हटलेलं कोणी पानात वाढत नाही.

राहता राहिला प्रश्न, ठेवायचं किती दिवस.
एक सोय अशी की फाइलच गोल करायची:
भरली की पुन्हा पहिल्यापासून, जुन्यावर नवं.
खाली ससून डॉकवर विचारलं तर हेच सांगतील,
बर्फ आहे तोवर माल.
डिस्क वाचते. वेग तिप्पट. मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं.

वाचतं कोण, हे साहेबांनी विचारलेलं नाही.
मी लॉग काढला. महिन्यात एकोणीस जण.
बहुतेक नोकऱ्या, क्रिकेट; दोघं दुर्बिणीचे आरसे घासणारे.
आणि स्टोअरमधल्या टर्मिनलवरून, पावणेतीन ते चार,
रोज एकच गट:
अडखळत बोलणाऱ्यांचा.

स्टोअरला रात्री हरेश्वर वैती असतो.
सहा वर्षं त्याच्याकडून टेप, केबल, फ्यूज घेतेय.
चिठ्ठी द्यायची, तो मान हलवतो, वस्तू काउंटरवर.
मला वाटायचं, शिष्ट आहे.

स्पूलमध्ये त्याची एक पोस्ट सापडली. वाचायला नको होती.
मोडक्या इंग्रजीत पाच ओळी:
फोनवर नाव सांगताना पहिलंच अक्षर घशात बसतं,
म्हणून नुसतं वैती सांगतो.
असं आणखी कोणाला होतं का?
पर्थहून हेदर नावाच्या कुणीतरी लिहिलंय,
मला. माझंही त्याच अक्षरावर.

गोल फाइलीत हे अकराव्या दिवशी गेलं असतं,
वर वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात.

पानावर लिहिलं: आयएनएन.
कारण: वाचकांची सोय, गटवार मुदत.
ग्लेननं खांदे उडवले.
साहेबांनी माझं एक स्पेलिंग सुधारून सही केली.
सगळे गट गोल फाइलीत टाकले, एक सोडून.
त्याला जुनी पद्धत, प्रत्येक लेखाची वेगळी फाइल,
आणि मुदतीच्या रकान्यात: कधीच नाही.
वर्षाला फार तर चाळीस मेगाबाइट.
कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.

काल रात्री सर्व्हर हलवताना फ्यूज उडाला.
स्टोअरपर्यंत जाताना वाटलं, आज तोंडानं मागावा.
मग लक्षात आलं, त्यालाही तोंडानं विचारावं लागेल,
किती अँपिअरचा.
परत वळले, टेबलावरून कागद घेतला,
पंधरा लिहून खाली रेघ मारली.
त्यानं मान हलवली.
स्क्रीन त्यानं भिंतीकडे वळवून ठेवला होता.