सोळा दिवस वर

दुधाचे खाडे आणि गॅसचे नंबर यांच्या गर्दीत
माझं एक टिंब असतं, पेन्सिलचं,
कोणाला दिसू नये इतकं बारीक.
त्याला सोळा दिवस होऊन गेले.

मोजायची सवयच लागली आहे मला.
आठशे मीटर : तीन मिनिटं एक सेकंद.
गोळा : पाच साठ.
वजन सप्टेंबरात बावन्न, आज पंचेचाळीस सहाशे.
"हलकी झाली पोरगी," शेंडे सर म्हणाले, "आता उडशील."
उडाली ती भलतीच गोष्ट.

मानकापूरच्या मैदानावर डिसेंबरची पहाट, साडेपाच.
भरतीच्या चाळीस पोरींच्या तोंडातून वाफा.
मूठभर भिजले चणे, अर्धं केळं, की झाला दिवस.
प्रणोतीला सांगितलं तर म्हणते,
"बरंच झालं ना बे, मैदानाच्या दिवशी झंझट नाही.
मला तर तीन महिने नव्हती आली."
दोघी हसलो. हसता हसता
मला ट्रॅक तिरपा दिसला.

रात्री औषधाच्या दुकानात बिलं करून येते,
बाराला पाठ टेकते, चारला गजर.
मधल्या वेळात कारणं लावत पडते :
झोप असेल. लेखी पेपर असेल.
थायरॉइड असेल, मोठ्या आत्याला होतं,
गळ्याशी हात नेऊन चाचपते.
आणि फुटाळ्याच्या काठावर एकाने धरला होता, तो हात.
हात धरून काही होत नाही हे ठाऊक आहे मला;
पण रात्री दोन वाजता
ठाऊक असलेलं ठाऊक राहत नाही.

न्हाणीतल्या फळीवर पॅडचं पाकीट, तसंच, न फोडलेलं.
आईने पाहिलं. बोलली काही नाही,
भाकर मात्र जरा जोरात थापली.
मग पाठमोरीच :
"कोणी आहे का?"
"नाही."
"मग जेवून काऊन नाही राह्यली?"

मी म्हटलं, पाकीट तर आपलं दोघींचं असते,
तू काऊन नाही फोडलं?

तवा धुरावला.
आईने गॅस बंद केला, कॅलेंडरची मागची पानं उलटली.
एकादशीच्या कोपऱ्यात निळ्या पेनाचे ठिपके,
मी आजवर दुधाचे समजत होते.
ऑगस्टनंतर एकही नव्हता.
चार महिने तिचे, सोळा दिवस माझे,
एका फळीसमोर दोघी गप्प.

सक्करदऱ्याला डॉक्टर पोटदुखे.
आडनावावर हसायची आमची हिंमत नव्हती.
नंबर अकरा, नंबर बारा, बाक एकच.
बाईंनी आधी दोघींच्या हातात डब्या दिल्या.
"मला काऊन? सत्तेचाळीस लागलं मला."
"वय तुम्ही नका सांगू, डबी सांगेल."
दोन पट्ट्या, दोन्हींवर एकेकच रेघ.
माझा श्वास सुटला. आई मात्र तिच्या रेघेकडे
थोडा जास्त वेळ पाहत राहिली.
का, ते मी विचारलं नाही.

मला म्हणाल्या, "शरीराला हिशेब कळतो, बाई.
कोठीत दाणा दिसला नाही
तर ते पाहुण्याची तयारी करत नाही.
पळ, पण खाऊन पळ. रक्त दे, थायरॉइडही बघू."
आईला : "तुमचं दुकान आवरायला घेतलंय.
शटर एकदम पडत नसतं,
अधूनमधून उघडेल, घाबरू नका."

बाहेर गाड्यावर सांबारवडी तळत होता एक जण.
बाहेरचं कधी न खाणारी आई म्हणाली,
दोन प्लेट, कढी जास्त.
सांबार दातात अडकला, कढीने जीभ पोळली.
पहिली वडी. दुसरी.
तिसरी मी मोजली नाही.

आईने मोजली.